रद्दी कागदाचे मखर: मे ते ऑक्टोबर २०२५ मधील कामाच्या नोंदी

११ मे २०२५, रविवार

घरच्या गणपतीसाठी या वर्षी रद्दी कागद आणि पुठ्ठा यांचे मखर करण्याचे ठरले आहे. आमचे घर कुडाळ तालुक्यात असून गणपती सात दिवसांचा असतो. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून आम्ही साड्यांच्या पडद्यांवर भागवत आलो. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, म्हणजे हाताशी साडेतीन महिने आहेत. मूर्ती शाडूची, एक फूट उंचीची असते. त्या मानाने मखराची आतील रुंदी २४ इंच आणि उंची ३० इंच धरली आहे. चौथरा, दोन खांब, वरची महिरप, महिरपीच्या माथ्यावर कमळ आणि कळस, तसेच दर्शनी बाजूस उठावाची वेलपत्ती असे त्याचे भाग राहतील.

हे मखर मूर्तीबरोबर पाण्यात सोडावयाचे नाही, हे आधीच ठरवून घेतले. कागदाचा म्हणजे पर्यावरणाला निर्धोक, असा समज सर्वत्र आहे. परंतु कागदी लगद्याच्या मूर्तींना उत्तेजन देणाऱ्या राज्य शासनाच्या २०११ च्या निर्णयाला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये स्थगिती दिली, ती असा लगदा पाण्यात विरघळून पाणी दूषित करतो या कारणावरूनच. तेव्हा मखर सुटे करता आले पाहिजे, माळ्यावर राहिले पाहिजे आणि पुढील वर्षी पुन्हा उभे राहिले पाहिजे. या एका अटीमुळे सांधे, कसर आणि ओल या तिन्ही गोष्टींचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागणार आहे.

आज रद्दीची निवड केली. वर्तमानपत्राचा कागद लवकर भिजतो आणि सहज कुटला जातो, मात्र त्याचा तंतू आखूड असल्याने लगदा कमजोर आणि शाईमुळे करडा होतो. पुतणीच्या जुन्या वह्यांचा कागद भिजण्यास दुप्पट वेळ घेतो, पण लगदा पांढरा आणि चिवट देतो. वह्यांच्या पिना काढण्यातच सकाळ गेली, आणि ते काम टाळता येत नाही, कारण एक पिन राहिली तरी ती पुढे गंजून रंगातून डाग वर येतो. गुळगुळीत मासिके बाजूला काढली. त्यांच्या कागदावर मातीचा थर असतो, तो पाण्यात सुटून नुसता गाळ होतो. चौथऱ्यासाठी किराणा दुकानातून नालीदार पुठ्ठ्याची खोकी आणली, ती फुकट मिळाली.

लगद्यासाठी सर्वांत सोपा कच्चा माल म्हणजे अंड्यांचे कागदी ट्रे होत. ते मुळात रद्दीच्या लगद्याचेच केलेले असतात आणि कोमट पाण्यात थोड्याच वेळात सुटतात. ते आणून ठेवले होते, परंतु आईने विचारले, “देवाच्या मखराक अंड्याचे ट्रे लायतलंस?” ट्रे परत गेले. ज्यांच्या घरी ही अडचण नाही त्यांनी, किंवा ज्यांना दिव्याची छत्री अथवा भिंतीवरच्या थाळ्या करावयाच्या आहेत त्यांनी, ते अवश्य वापरावेत.

१४ मे, बुधवार

कागद कात्रीने न कापता हाताने फाडून रात्रभर कोमट पाण्यात भिजत घातला होता. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे होतात, म्हणून लगदा अधिक एकजीव होतो.

दळण्यासाठी जुना मिक्सर वेगळा काढला होता. भांडे अर्धे पाण्याने भरून त्यात मूठभरच कागद घातला तर काम होते. घाईने लगदा घट्ट घातल्यावर मोटर तापून जळका वास येऊ लागला. मिक्सर थंड होईपर्यंत थांबण्यापेक्षा मागील पडवीतील उखळ आणि मुसळ घेतले, आणि तेच अधिक सोयीचे ठरले. मिक्सरचे पाते तंतू तोडते, मुसळ तो कुटून मोकळा करते. उखळातला लगदा दिसायला भरड आहे, पण वाळल्यावर मोडून पाहिला तेव्हा मिक्सरमधल्या लगद्याचा तुकडा सहज तुटला आणि उखळातल्या लगद्याचा मात्र ओढावा लागला. यापुढे मिक्सर फक्त शेवटच्या बारीक थरासाठी वापरावयाचा आहे.

लगदा जुन्या पंचातून पिळला. पिळलेले पाणी मोरीत सोडू नये, बारीक तंतू नळीत बसतात. ते माडाच्या आळ्यात ओतले.

१८ मे, रविवार

लगद्याला बांधणी म्हणून आईच्या सांगण्यावरून भिजवलेली मेथी वाटून घातली. पूर्वी घरोघरी बायका कागदाचा लगदा आणि मेथी एकत्र कुटून, घागरीवर थापून टोपल्या करीत. आमच्याकडे अशी एक टोपली अजून आहे, तिच्यात आमसुले ठेवतात. मेथीचा चिकटपणा लगदा धरून ठेवतो आणि तिच्या कडूपणामुळे कसर लागत नाही, असा अनुभव आहे.

कळसासाठी तांब्याच्या लोट्यावर पातळ ओले फडके गुंडाळून त्यावर लगदा थापला. वाळल्यावर तो उभा चिरून दोन अर्ध्या भागांत काढून पुन्हा जोडावयाचा आहे. कागदी लगद्याच्या वस्तू करणारे काश्मिरी कारागीरही साच्यावरचा माल असाच कापून सोडवतात आणि जोडतात. तेथे घडण करणारा आणि नक्षी करणारा असे दोन वेगळे कारागीर असतात, येथे दोन्ही कामे एकाच्याच गळ्यात आहेत.

कमळाच्या पाकळ्या नारळाच्या करवंटीवर थापल्या. वेलपत्ती पुठ्ठ्यावर रेघ आखून हाताने उठावात लावली. सर्व माल अंगणात उन्हात ठेवला. ऊन कडक आहे, पाकळ्या संध्याकाळपर्यंत वरून खडखडीत झाल्या.

२५ मे, रविवार

या आठवड्यात जे झाले त्यामुळे पुढच्या सर्व कामाचा क्रम बदलला आहे. ओले काम मे महिन्यात उरकावयाचे आणि पावसात रंगकाम करावयाचे, असा बेत होता. कोकणात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या पहिल्या आठवड्यात धरला जातो. या वर्षी २० मेच्या सुमारासच जोरदार सरी सुरू झाल्या, आणि आज मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोहोचल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. अंगणातील माल पडवीत आणला, पडवीतील घरात आणला.

वरून वाळलेल्या पाकळ्या आतून ओल्याच होत्या. लगद्याचा थर जाड असला की बाहेर खपली धरते आणि ती आतील पाणी अडवते. पाकळीचा देठाकडील भाग सुमारे पाऊण इंच जाड झाला होता. तो मोडून पाहिला, तर आतला गाभा अजून बोटाने दबत होता.

१ जून, रविवार

बुरशी आली. वेलपत्तीवर हिरवट, पाकळ्यांच्या पोटात काळी. मेथी किड्यांना दूर ठेवत असेल, परंतु ओलसर राहिलेल्या मेथीवर बुरशी आनंदाने वाढते, हे येथे स्पष्ट नोंदवून ठेवतो. उन्हाळ्यात थापून दोन दिवसांत वाळणाऱ्या टोपलीचा अनुभव पावसाळ्याला लागू पडत नाही.

पाकळ्या सगळ्या काढून टाकल्या. वेलपत्तीचा बराच भाग खरवडावा लागला. कळस तेवढा बचावला, कारण तो पातळ होता आणि पोकळ असल्याने दोन्ही बाजूंनी वाळला. काम जवळजवळ पहिल्या पायरीवर आले आहे.

पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालतात, तो उपाय सुचला होता. परंतु मोरचूद विषारी आहे, त्याची निळसर छटा पांढऱ्या लगद्यात उतरते आणि घरात लहान मूल आहे, म्हणून तो सोडून दिला. त्याऐवजी टाकणखार (बोरॅक्स) आणला आहे. टाकणखार बुरशी आणि कीड दोन्ही रोखतो आणि बोरिक पावडरीबरोबर दिल्यास कागद भडकन पेटण्यासही अडवतो. तोही पोटात जाणार नाही एवढी काळजी घ्यावीच लागते.

८ जून, रविवार

मेथी बंद करून लगद्यात फेव्हिकॉल घातले, कारण त्याला बुरशी लवकर धरत नाही. लगदा छान मळला गेला. त्यानंतर कोमट पाण्यात विरघळवलेला टाकणखार घातला आणि बघता बघता सर्व लगद्याचा रबरी गोळा झाला. तो थापता येईना, पसरेना, बोटांना चिकटेना. टाकणखार आणि फेव्हिकॉल एकत्र आले की गोंदाचे धागे एकमेकांत अडकून घट्ट होतात. पुतणीने ते पाहताच सांगितले की मुले खेळायला ‘स्लाइम’ करतात ते असेच. तिला आधी विचारले असते तर अर्धा किलो फेव्हिकॉल वाचले असते. तो गोळा तिने खेळायला मागितला, दिला नाही.

मेथीच्या चिकातही टाकणखार घालून पाहिला, तोही तसाच घट्ट होतो. तेव्हा टाकणखार वापरावयाचा असेल तर या दोन्ही बांधण्या वर्ज्य होत.

१५ जून, रविवार

शेवटी मैद्याच्या खळीवर येऊन थांबलो. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे कारखाने नाल्या चिकटवण्यासाठी जी पिठाची खळ वापरतात तिच्यातही टाकणखार असतो, त्याने खळ बिघडत नाही, उलट अधिक चिकट होते. शंभर ग्रॅम मैदा आधी गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडल्या, मग एकंदर सहाशे मिलिलिटर पाणी होईल इतके पाणी घालून मंद आंचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळले आणि उतरवल्यावर एक सपाट चमचा टाकणखार घातला. पिळलेल्या लगद्यात ही खळ जेमतेम एकजीव होईल एवढीच घालावी. खळ अधिक म्हणजे पाणी अधिक, आणि सध्या पाणी हाच शत्रू आहे.

जाडीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. पाकळीचा आणि वेलीचा आकार आधी कोरड्या वर्तमानपत्राचे बोळे दोऱ्याने आवळून केला आणि त्यावर लगद्याचा पाव इंचाहून कमी थर दिला. आतील कोरडा कागद थोडी ओल शोषून घेतो आणि वाळवण्यासाठी लगदाच कमी राहतो. वजनही निम्म्यावर आले.

वाळवण्याची जागा न्हाणीघरातील चुलाण्याच्या वर केली. पावसात कपडे सुकवण्यासाठी तेथे वलणी बांधलेलीच असते, तिच्या शेजारी जुनी चाळण टांगून तिच्यात पाकळ्या ठेवल्या. चाळणीमुळे खालूनही ऊब लागते. धुराने पाकळ्या किंचित पिवळसर झाल्या, परंतु त्यावर रंगाचे अस्तर येणार असल्याने त्याची चिंता नाही. फार जवळ टांगलेल्या एका पाकळीला तडा गेला. वाळण्याची घाई झाली की कड आधी आकसते आणि मध्यभाग फाटतो. हाताला सुखद वाटेल एवढीच ऊब असावी.

२९ जून, रविवार

पाऊस सतत आहे, म्हणून ओले काम बाजूला ठेवून खांब घेतले. आधीच हे सुचावयास हवे होते की मखराचा मोठा भाग लगद्याशिवाय होऊ शकतो. कापडाच्या दुकानातून ताग्यांच्या आतील पुठ्ठ्याच्या जाड नळ्या आणल्या, त्या रस्त्यावर टाकण्यासाठीच ठेवलेल्या होत्या. त्यांभोवती वर्तमानपत्राच्या बारीक सुरळ्या उभ्या चिकटवल्या की खांबावर आपोआप उभी पन्हळ दिसते.

सुरळीसाठी वर्तमानपत्राचे अर्धे पान तिरके धरून कोपऱ्यापासून सायकलच्या चाकाच्या तारेवर गुंडाळावे, शेवटच्या कोपऱ्याला फेव्हिकॉलचे बोट लावावे आणि तार ओढून काढावी. तारेला गंज असता कामा नये, नाही तर ती निघत नाही. पहिल्या सुरळ्या ढिल्या झाल्या. गुंडाळताना कागद तारेशी जेवढा लहान कोन करील तेवढी सुरळी लांब आणि कडक होते, हे हाताला कळण्यास एक संध्याकाळ लागली. वहिनी आणि पुतणी सुरळ्या वळत होत्या, मी चिकटवत होतो. दोन्ही खांब एका बैठकीत उभे राहिले आणि पावसाने त्यांचे काहीही बिघडवले नाही.

हे काम करताना मनाशी पक्के झाले की जूनपासून पुढे फक्त कोरडी तंत्रे घ्यावीत. सुरळ्या, घड्या, पुठ्ठ्याचे काप यांना पावसाळा चालतो. लगदा फेब्रुवारी ते एप्रिल या काळातच करावा.

१३ जुलै, रविवार

महिरप हा सर्वांत त्रासाचा भाग ठरला. नालीदार पुठ्ठ्याचे दोन थर कापून मैद्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवले आणि वर एका बाजूने वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे थर दिले. सकाळी पाहिले तर महिरप खोबऱ्याच्या वाटीसारखी आत वळलेली. कारणे दोन होती. दोन्ही थरांतील नाल्या एकाच दिशेने गेल्या होत्या, आणि पट्ट्या एकाच बाजूला लावल्याने वाळताना त्या बाजूने पुठ्ठा ओढला गेला होता. शिवाय पातळ खळीने नाल्या भिजून बसल्या, त्यामुळे पुठ्ठ्याचा ताठपणाच गेला.

नवी महिरप कापली. या वेळी एका थराच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवल्या, मध्ये खळीऐवजी फेव्हिकॉल अगदी विरळ पसरले आणि दोन पाटांमध्ये दाबून वर पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी ती सपाट निघाली. त्यानंतर पट्ट्या दोन्ही बाजूंना, सारख्याच थरांत लावल्या. वर्तमानपत्र उभे फाडले तर सरळ पट्टी निघते आणि आडवे फाडले तर वेडीवाकडी, कारण कागदाचे तंतू उभ्या दिशेने बसलेले असतात. भिजल्यावर कागद तंतूंच्या आडव्या अंगाने अधिक फुगतो. म्हणून एक थर उभ्या पट्ट्यांचा, तर पुढचा तिरप्या, असे आलटून पालटून द्यावे.

२७ जुलै, रविवार

समई, निरांजन आणि कापूर यांच्या शेजारी कागदाचे मखर ठेवावयाचे म्हणजे आगीचा विचार हवा. ७० ग्रॅम टाकणखार आणि ३० ग्रॅम बोरिक पावडर एक लिटर कोमट पाण्यात विरघळवून वर्तमानपत्राची पट्टी त्यात बुडवून वाळवली. अंगणाच्या कडेला ती पट्टी आणि एक साधी पट्टी पेटवून पाहिली. साधी पट्टी ज्योतीने जळत वर गेली, बुडवलेली काडी धरलेल्या जागी काळी पडली आणि काडी बाजूला करताच विझली. हे पाणी महिरपीच्या आणि चौथऱ्याच्या मागील बाजूस कुंचल्याने दिले. याने कागद जळतच नाही असे मुळीच नाही. समई मखराच्या पुढे हातभर अंतरावर आणि दिव्यांची माळ एलईडीचीच, हा नियम कायम आहे.

चुलाण्यावर वाळलेल्या पाकळ्या आणि वेल पॉलिश पेपरने घासून घेतली. पातळ खळीत खडूची भुकटी कालवून त्याचे अस्तर दिले. पहिले अस्तर जाड झाल्याने केसासारख्या भेगा पडल्या. ते घासून काढले आणि दुधाइतक्या पातळ अस्तराचे तीन हात दिले.

१० ऑगस्ट, रविवार

रंग दुकानातील डब्यांचे न घेता गेरू, पिवडी आणि हळद यांचे डिंकाच्या पाण्यात करावयाचे होते. चौथऱ्याच्या पुढील पट्टीला अस्तर म्हणून घरातील उरलेला चुना दिला होता, त्यावर हळदीचा हात फिरवताच पट्टी विटकरी लाल झाली. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, तेव्हा यात नवल काहीच नाही, फक्त ते पट्टी रंगवण्यापूर्वी आठवले नाही. लाल पट्टी वहिनीला आवडली, म्हणून ठेवली. इतर ठिकाणी हळद टाळली, कारण ती उजेडाने फिकी पडते आणि मखर अनेक वर्षे वापरावयाचे आहे. पिवळ्यासाठी पिवडी घेतली. ती खनिज माती असल्याने चुन्यानेही बदलत नाही आणि उन्हानेही नाही. गेरूने खांब रंगवले. डिंक कमी पडला तर गेरू हाताला लागतो, हे खांब उचलताना शर्टावर उमटले. डिंकाचा आणखी एक पातळ हात वरून दिल्यावर ते थांबले.

२४ ऑगस्ट, रविवार

जुळणी केली. खांब चौथऱ्यातील गोल खाचांत बसतात आणि वरून महिरपीच्या जिभा खांबांच्या पोकळीत उतरतात, कोठेही गोंद नाही. जिभा थोड्या सैल झाल्या होत्या, त्यांना पोस्टकार्डाची पट्टी गुंडाळून त्या घट्ट केल्या. कमळ सुतळीने मागून बांधले.

एक गोष्ट अखेरपर्यंत लक्षात आली नव्हती. आमच्याकडे मूर्तीच्या वर माटवी, म्हणजे लाकडी चौकट, बांधतात. तिला तेरडा, कवंडळे, सुपारीचे शिपटे, आंब्याचे टाळ आणि नारळ लटकवतात. हा सगळा रानातला माल पावसात काढलेला, म्हणजे ओला असतो. तो नेमका महिरपीवर ठिबकणार. म्हणून माटवी एक वीत पुढे ओढून बांधण्याचे ठरले, सामान बांधण्यापूर्वी रात्रभर पडवीत निथळत ठेवण्याचे ठरले आणि महिरपीच्या माथ्यावर मागच्या बाजूने, समोरून दिसणार नाही अशी केळीच्या पानाची पट्टी ठेवली.

३ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन झाले, आज मखर सोडवले. सात दिवस ते उभे राहिले, वाकले नाही. केळीचे पान सुकून आकसल्यावर डावीकडे पाणी ठिबकले आणि तेथील वेलीचा रंग ओघळला. वेलीची तीन पाने मऊ पडली आहेत. पुढील वर्षी त्या जागी मेणकापडाची पट्टी हवी. चौथऱ्याच्या मागील कोपऱ्यातील पुठ्ठा ओलसर लागला. ते पाणी माटवीचे नसून जमिनीतून आलेले आहे, कारण चौथरा थेट शेणाने सारवलेल्या जमिनीवर होता. त्याखाली पाट ठेवावयास हवे होते. खांबांना काहीही झालेले नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

ऑक्टोबरचे ऊन पडल्यावर सर्व भाग अंगणात उलटेसुलटे वाळवले. मऊ पडलेली पाने खरवडून त्याच मैदा-टाकणखाराच्या लगद्याने भरली. आता ती एका दिवसात वाळतात, जूनमध्ये त्यांच्यासाठीच आठवडा लागला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्यास ओल आत कोंडते, म्हणून सर्व भाग जुन्या सुती साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. चौथऱ्याचा तळ बदलावयाचा राहिला आहे.

एकूण खर्च नऊशे रुपयांच्या आसपास झाला. त्यांतील २९० रुपये फेव्हिकॉलच्या एक किलोच्या डब्याचे असून त्यातला निम्मा माल वाया गेला. टाकणखार आणि बोरिक पावडर मिळून १७० रुपये, मैदा ९० रुपये, बाकी गेरू, पिवडी, डिंक, खडूची भुकटी, मेथी, पॉलिश पेपर, सुतळी आणि कुंचला. रद्दी सुमारे १२ किलो लागली, ती विकली असती तर किलोला १४ रुपये मिळाले असते. मेथी आणि फेव्हिकॉलच्या वाटेला न जाता सुरुवातीपासून मैद्याची खळ घेतली असती, तर हेच काम याहून कमी खर्चात झाले असते. कमळाच्या पाकळ्यांचा जादा संच आणि महिरपीच्या उजव्या अंगाची वेल फेब्रुवारीत करावयाची आहे.